बाईंनी मोजायला लावलेली पृथ्वी

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचे पत्र आले आणि कितीतरी चेहरे आठवले. पण लिहायला बसलो तसे कळले, मला फक्त भूगोलाच्या बाईंबद्दलच लिहायचे आहे. इतर गुरुजनांनी क्षमा करावी.

आठवीत बाईंनी एराटोस्थेनिस हा प्राचीन ग्रीक विद्वान शिकवला. इ.स.पूर्व २४० च्या सुमारास या माणसाने नुसत्या सावलीवरून पृथ्वीचा परीघ काढला. इजिप्तमधल्या साइनीला, म्हणजे आजच्या आस्वानला, सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सावली पडत नाही. उत्तरेला अलेक्झांड्रियात मात्र पडते. तिचा कोन भरला वर्तुळाचा पन्नासावा भाग. दोन गावांतल्या अंतराची पन्नास पट केली की झाला परीघ! बाई म्हणाल्या, "नाशकातही सूर्य डोक्यावर येतो की रे. करून बघू."

तो दिवस येतो २० मेच्या आसपास, ऐन सुट्टीत. जुलैतही येतो, पण तेव्हा आभाळ भरलेले. बाईंनी बोलावले म्हणून सगळे आले. झेंड्याच्या खांबाशेजारी मीटरभर काठी ओळंबा लावून उभी केली. साडेबाराच्या सुमारास सावली बुंध्यात शिरली आणि आम्ही ओरडलो. बाई तेवढ्यात घड्याळ बघून वहीत वेळ लिहीत होत्या.

कोल्हापूर नाशिकच्या जवळपास सरळ दक्षिणेला. तिथे बाईंची मैत्रीण शिक्षिका होती. तिचे पोस्टकार्ड आले: त्याच दुपारी तिथे मीटरच्या काठीची सावली पावणेसहा सेंटीमीटर, तीही दक्षिणेकडे! म्हणजे कोन ३.३ अंश. नकाशावर दोरा ताणून अंतर काढले, ३६५ किलोमीटर. फळ्यावर उत्तर आले ३९,८०० च्या आसपास. खरा परीघ ४०,००० हून किंचित जास्त. पृथ्वी आम्ही मोजली होती, नाशकातून, एका काठीने!

आज माझा जमीन मोजणीचा व्यवसाय आहे. उपग्रहामुळे जागा सेंटीमीटरपर्यंत कळते. तरी हाताखालच्या मुलांना मी आधी इंग्रज मोजणीदार विल्यम लॅम्ब्टन सांगतो, बाईंनी सांगितला तसाच: १८०२ मध्ये मद्रासहून अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचे यंत्र, घेऊन देश मोजायला निघालेला आणि १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला, कामावर असतानाच वारलेला.

मैदानाच्या त्या कोपऱ्यावर आता पत्र्याची शेड आहे, ते पाहून वाईट वाटले. पण गच्ची मोकळी आहे. येत्या मेमध्ये मुलांना वर न्या. कोल्हापूरशी बोलायचे काम माझ्याकडे.