विमानतळ झाला, आता पैसे लावू का? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात पंगतीला बसलो की शेजारचा विचारतो, सोसायटीच्या मीटिंगनंतर चेअरमन विचारतात, आणि हल्ली फोनवरही तेच: "तुम्ही रस्त्याच्या लाइनमधले. अटल सेतू झाला, समृद्धी झाली, विमानतळही झाला. आता पनवेल-उरणकडे पैसे लावायचे की नाही?" मी 'बघा बुवा' म्हणून विषय बदलतो. मग मागे बोललं जातं की हा आतली माहिती लपवतो. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

आतली माहिती माझ्याकडे कधीच नव्हती. होता तो भरवसा, आणि तो मला भाताणच्या बोगद्यात मिळाला. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या कामावर मी ज्युनिअर इंजिनिअर होतो. डोळ्यांदेखत डोंगर फुटला, २००२मध्ये रस्ता पूर्ण खुला झाला, आणि ज्या गावांत आम्हाला चहाला दूध मिळत नव्हतं तिथे एकराचा भाव गुंठ्याला आला. असं एकदा बघितलं की आपल्याला पुढचं दिसतं असं वाटायला लागतं.

नोव्हेंबर २०१०मध्ये नवी मुंबई विमानतळाला पर्यावरण मंजुरी मिळाली. तो पेपर घेऊन मी ठाण्याला दाजींकडे गेलो. त्यांचे व्हीआरएसचे पैसे एफडीत पडून होते. "दाजी, दोन हजार पंधरा सालात विमान उडतंय बघा," मी म्हणालो. उडालं. २५ डिसेंबर २०२५ला.

पुढच्या उन्हाळ्यात पनवेल तालुक्यात पाच गुंठे घेतले. दाजी साताऱ्याकडचे, शेतकरी दाखला होताच. तुकडेबंदीमुळे, म्हणजे शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडायला असलेल्या बंदीमुळे, पाच गुंठ्यांची वेगळी खरेदी होत नव्हती, म्हणून अकरा जणांनी मिळून एक गट घेतला. एका सातबाऱ्यावर अकरा नावं. सगळे असंच करतात, असं मी सांगितलं. करतही होते. खरेदीखत झाल्यावर तसेच जागेवर गेलो. दाजींनी पिशवीतून टेप काढला. तीस मीटरचा, नवाकोरा, खास त्या दिवसासाठी घेतलेला. "साहेब, टोक धरा." बावीस बाय तेवीस भरलं. त्यांनी वाकून वाकून चुन्याची फक्की टाकली, मग आत उभं राहून स्वयंपाकघर कुठे ते दाखवलं. पूर्वेला, कारण ताईला सकाळचं ऊन हवं. मागच्या बाजूला शेवगा. तो त्यांनी पावसात खरंच लावला.

जानेवारी २०१३मध्ये 'नैना', म्हणजे विमानतळाभोवतीच्या गावांचं नियोजन क्षेत्र, जाहीर झालं. आता बांधकामाची परवानगी सिडकोकडून, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीकडून, आणि आराखडा होईपर्यंत थांबा. मग नगररचना योजना आल्या: सगळी जमीन द्या, चाळीस टक्के विकसित भूखंड परत घ्या. तुम्ही म्हणाल, वाईट काय त्यात? हिशेबाने काहीच नाही. रस्ते, गटारं, बागा त्या साठ टक्क्यांतूनच निघतात, आणि रस्त्यावरच्या चाळीसला आतल्या शंभरापेक्षा जास्त भाव येतो. हे मीच दाजींना वहीत आकृती काढून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग शेवगा चाळीसात येतो की साठात?"

फेब्रुवारी २०१८मध्ये विमानतळाचं भूमिपूजन त्यांनी टीव्हीवर बघितलं. पुढच्या पावसाळ्यात ते गेले, ठाण्याच्या त्याच बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर. तेराव्याला भाचीने फाइल माझ्या मांडीवर ठेवली, वर तो टेप. काही बोलली नाही.

मी कुणाचा हात धरून सही करायला लावली नाही, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलोय. रजिस्ट्रार ऑफिसात पेन माझंच होतं. दाजींचं उठत नव्हतं.

आता भाव विचाराल. दिले त्याच्या कितीतरी पट. म्हणजे २०१०चा मी खोटा ठरलो नाही, आणि तो मला हे ऐकवत असतो. झाला की नाही विमानतळ? झाला. चढला की नाही भाव? चढला. मी म्हणतो, अठ्ठावन्नाव्या वर्षी पैसे घालणाऱ्याला पंधरा वर्षं तू कुठून आणून देणार होतास? तो म्हणतो, एफडीत ठेवून तरी ठाण्यात लिफ्टवालं घर आलं असतं का? इथे मी गप्प बसतो.

जमीन नको, इन्फ्राचे शेअर किंवा रोखे घेऊ का, असं विचारणाऱ्यांनी फार सुटल्यासारखं समजू नये. बीओटीत, म्हणजे 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' पद्धतीत, कंपनी कर्ज काढून रस्ता बांधायची आणि टोलवर फेडायची. मधे दोन किलोमीटरची जमीन ताब्यात आली नाही की काम थांबायचं, व्याज थांबायचं नाही. अनेक कंपन्या त्या व्याजानेच खाल्ल्या. म्हणून २०१६मध्ये हॅम, म्हणजे हायब्रिड अॅन्युइटी मॉडेल, आलं: चाळीस टक्के रक्कम काम चालू असतानाच सरकार देणार, उरलेली पुढे हप्त्यांनी. बरं आहे ते, पण इथेही काम घ्यायच्या नादात टेंडर खाली पाडणारे आहेतच. आणि आयएलअँडएफएस आठवा, रस्त्यांसारख्या कामांना पैसे पुरवणारी आणि ती बांधणारी कंपनी. २०१८मध्ये हप्ते चुकले तेव्हा डोक्यावर सुमारे ९१ हजार कोटींचं कर्ज होतं, आणि थोडे आठवडे आधीपर्यंत रेटिंग ट्रिपल ए, म्हणजे सर्वांत सुरक्षित. तिने बांधलेल्या रस्त्यांवरून गाड्या आजही जातात.

तेव्हा कामं होणार की नाही हे मला विचारू नका. आपल्याकडे कामं होतात. कधी, हे मी एकदा सांगून बसलोय.

मागच्या महिन्यात भाचीचा फोन आला. वाटणी न झालेला, अविभक्त हिस्साही घेणारा एक जण भेटलाय. अकरांतले दोघे वारले, एक दुबईत, सगळ्यांच्या सह्या कोण गोळा करणार? "मामा, विकू की थांबू?" मी तिचं वय विचारलं. चौतीस. थांब, असं अगदी ओठांवर आलं होतं. ताईला फोन दे म्हटलं, तर ताईने घेतला नाही.

आणि हो, ज्यांनी पालघर जिल्ह्यात होऊ घातलेल्या वाढवण बंदराच्या बाजूला, डहाणूत जागा बघितलीय त्यांनी फोटो पाठवलाय. त्यांना मी अजून उत्तर दिलेलं नाही. फोटो मात्र दोनदा मोठा करून बघितला. उतार पश्चिमेला आहे. भराव फारसा लागणार नाही.