चौऱ्याहत्तर सेकंदांचं स्टेशन

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात मिक्सर-असेंब्लीच्या लाइनचं बॅलन्सिंग, म्हणजे लाइनवरच्या प्रत्येक स्टेशनला (कामाच्या जागेला) सारखं काम वाटून देणं, माझ्या गळ्यात पडलं. मागणी शिफ्टला 460 मिक्सरची, निघायचे कसेबसे साडेतीनशे. सुपरवायझरचं म्हणणं एकच, माणसं वाढवा.

साडेआठ तासांच्या शिफ्टमधून जेवण आणि दोन चहा वजा केले की 460 मिनिटं उरतात. म्हणजे मिनिटाला एक मिक्सर उतरायला हवा. हा झाला टॅक्ट टाइम. आठ स्टेशनांच्या कामाची बेरीज 412 सेकंद, वाटणी सारखी झाली तर प्रत्येकाला 52 सुद्धा येत नाहीत. मग घोडं अडलं कुठे? तिसऱ्या स्टेशनवर. स्विचच्या वायरिंगला 74 सेकंद लागत होते. तिथून पुढे मिनिटाला एक मिक्सर जाणारच कसा? पुढची माणसं हात बांधून, मागे माल तुंबलेला.

स्टॉपवॉच घेऊन पाठीशी उभं राहिलं की सुरुवातीचे आकडे हमखास खोटे येतात. कोणी घाई करतं, कोणी मुद्दाम रेंगाळतं. उद्या टार्गेट वाढवतील ही धास्ती असते, आणि ती काही उगाच नसते. घड्याळ खिशात टाकून नुसता बघत राहिलो, तेव्हा वायरिंगच्या ताईच म्हणाल्या, "सर, वायर लावायला वेळ नाही लागत, स्लीव्ह ओवायला लागतो." स्लीव्ह म्हणजे वायरवर चढवायची इन्सुलेशनची नळी. तिचा बिन, म्हणजे डबा, त्यांच्या डाव्या खांद्यामागे, दर मिक्सरला कमरेतून वळायच्या. बिन समोर आणला, सहा सेकंद वाचले. ओवण्याचं 11 सेकंदांचं काम दुसऱ्या स्टेशनच्या पोराला दिलं. तो 41 सेकंदांत मोकळा होत होता.

लगेच अडचण पुढे सरकली. खालचं झाकण, 63 सेकंद. वायरिंगआधी झाकण लावता येत नाही आणि हाय व्होल्टेज टेस्ट झाकणानंतरच. पण झाकणाचे रबरी पाय आधी बसवले तर कोणाचं काय बिघडतं? ते पहिल्या स्टेशनकडे गेले. आता सगळ्यात जड स्टेशन 57 सेकंदांचं.

मॅनेजरसाहेबांनी लगेच कॅल्क्युलेटर काढला. 412 मधले सहा वाचून उरलेले 406 भागिले 60, पावणेसात. सात माणसं पुरे! कागदावर बरोबर. पण सात जणांना प्रत्येकी 58 सेकंद दिले तर स्क्रू हातातून पडायलाही सवड नाही, आणि काम काही केकसारखं हवं तिथे कापता येत नाही. बराच वाद झाला. आठवा माणूस राहिला.

सध्या 430 ते 440 निघतात. चारनंतर हात मंदावतात, आणि ताई रजेवर असल्या की वायरिंग पुन्हा सत्तरीला टेकतं. म्हणून दुसऱ्या स्टेशनचा पोरगा जेवणानंतर तासभर त्यांच्या जागी बसतो आणि त्या शेजारून ओवता ओवता त्याला शिकवतात. त्या तासात माल थोडा तुंबतो. तेवढं मी धरूनच चाललोय.