एका मिनिटात होतं, तरी मी का बसते

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. लग्नाच्या पंगतीत विचारता, दुकानात विचारता, अमळनेर स्टेशनवर गाडीची वाट बघतानाही विचारता: "ताई, फोटोतल्या म्हशीला रेल्वेच्या खिडकीत बसवायचं काम आता मोबाइल एका मिनिटात करतो. तुम्ही रात्र रात्र कॉम्प्युटरपुढे कशाला बसता?"

होतं एका मिनिटात. मी करून पाहिलंय आणि वाईट होत नाही. तेव्हा "मशीनला जमत नाही" हे उत्तर मी देणार नाही.

पण सुरत-भुसावळ पॅसेंजरच्या खिडकीतली ती म्हैस कुठली तरी म्हैस नाही. ती आमच्या गल्लीतली आहे, डावा कान फाटलेली. पोरं चित्र बघतात, तिला नावाने हाक मारतात आणि तिकीट कुणी काढलं म्हणून विचारतात. सारंगखेड्याच्या यात्रेत पंख फुटलेली घोडीही कुणाच्या तरी दावणीची आहे. "कॉम्प्युटरची लबाडी" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, की फोटोशॉप 1990 मध्ये आलं आणि त्याच्या कितीतरी आधी, 1908 च्या सुमारास, अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये विल्यम मार्टिन नावाचा फोटोग्राफर फोटो कापून, चिकटवून हेच करत होता. शेतकरी खरा, गाडी खरी, गाडीतलं मक्याचं कणीस तेवढं अवाढव्य. बघणाऱ्याला आपला माणूस, आपली गाडी ओळखू आली तरच त्या कणसाची मजा येते.

हे मी वर्षानुवर्षं ठासून सांगत आले. मग आप्पा आले.

2022 ला जळगाव जिल्ह्यात गुरांचा लम्पी रोग आला, ते दिवस तुम्हाला सांगायला नकोत. बाजार बंद, गोठ्यागोठ्यात धूर. आप्पांचा पांढरा खिल्लारी त्यात गेला. ओढकामाच्या जनावराला 25 हजारांची सरकारी मदत ठरली होती, तिच्याबद्दल आप्पा एक शब्द बोलले नाहीत. मोबाइल पुढे केला आणि म्हणाले, "जलमभर त्यानी माले वढं, माय. आते एक डाव मी त्याले वढसू." बैल गाडीत बसलेला आणि जुवाला स्वतः आप्पा, असं चित्र त्यांना हवं होतं.

फोटो होता आदल्या वर्षीच्या पोळ्याचा. भर दुपार, बैल उभा, अंगभर झूल, खांदा तेवढा उघडा. एका शिंगाचं टोक मोडलेलं, म्हणून शेंबी, म्हणजे टोकाला चढवायची धातूची टोपी, एकाच शिंगाला. तसाच उभा गाडीत ठेवला असता तर बाजारात विकायला नेल्यासारखा दिसला असता. तो बसलेलाच हवा होता.

बसलेला फोटोही मोबाइलमध्ये होता. आजारातला, गुरांच्या डॉक्टरांना पाठवायला काढलेला. अंगावर गाठी, पुढचे पाय सुजलेले, मान टाकलेली. आप्पांनी तो दाखवला आणि पटकन पुढे सरकवला.

मी तोंड आणि खांदा पोळ्याच्या फोटोतला ठेवला आणि खाली गल्लीतल्याच दुसऱ्या पांढऱ्या बैलाचं बसलेलं धड घेतलं. पोळ्याचा फोटो दुपारचा, म्हणून आप्पांना आणि रिकाम्या गाडीलाही दुपारच्याच उन्हात उभं केलं, कॅमेरा तेवढ्याच उंचीवर धरला. ऊन एका बाजूचं आणि सावली दुसऱ्या बाजूची झाली की बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण चित्र खोटं वाटतं. मास्क करताना, म्हणजे बैल मूळ फोटोतून कापून वेगळा काढताना, कानातले केस एकेक करून सोडवले. बैलाचं पोट फळीला टेकतं तिथे एक बारीक काळपट सावली दिली. ती नसली की जनावर तरंगतं. चाकं मातीत थोडी रुतवली, कारण एवढं ओझं बसल्यावर ती रुतणारच. खांद्यावर जुवाचा घट्टा होता, काळा, केस झडलेला. त्यांचा मुलगा म्हणाला, "तो डाग काढून टाका." फोटोशॉपमधल्या डाग पुसायच्या हीलिंग ब्रशचा एक फटकारा मारला असता तर गेला असता. मी ठेवला.

आप्पांनी प्रिंट हातात घेतली. बराच वेळ बघितली. शिंगावरून, घट्ट्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तोंड त्यानंच शे. पाय त्याना नहीत."

पैसे मोजून दिले आणि गेले.

पुढे मुलानं मोबाइलवर तेच चित्र बनवलं. दोन्ही शिंगं शाबूत, दोन्हींना शेंब्या, खांदा गुळगुळीत, आप्पाही वीस वर्षांनी तरुण. गावभर तेच फिरलं. घरात भिंतीवर तेच लागलं. माझं आप्पांनी कोठीच्या खोलीत झुलीजवळ ठेवलंय, असं मुलगा सांगत होता. तिथे का ठेवलं, ते मी विचारलं नाही.

आता तुमचा प्रश्न पुन्हा घेऊ. पूर्वी मी तोऱ्यात म्हणाले असते, मशीनचा बैल कुणाचाच नसतो, माझा असतो. आता ते वाक्य मला पुरं करता येत नाही. खरे पाय माझ्याकडे होते. आप्पा बघू शकले नाहीत म्हणून मी घेतले नाहीत, आणि आज पुन्हा बसले तरी घेणार नाही. मग मुलानं मोडलेलं शिंग जोडून घेतलं, त्याला मी कुठल्या तोंडाने नावं ठेवू? त्यालाही बापाला धडधाकट बैलच दाखवायचा होता. तरी तो घट्टा नसलेला खांदा मला बघवत नाही. नांगर, वखर, कापसाची गाडी, सगळं त्या घट्ट्यात आहे. दोन्ही मला एकाच वेळी पटतं. तुम्ही म्हणाल, हे उत्तर नव्हे. नसेल. रात्री बसते ती मात्र त्या घट्ट्यासाठीच बसते.

आणि ज्यांना अजूनही माझ्याकडूनच करून घ्यायचं आहे, त्यांनी या पोळ्याला एवढं करा. झूल चढवायच्या आधी, सकाळच्या उन्हात एक फोटो काढा. आणि एक बसलेला काढा, जनावर धडधाकट असताना, पाय दिसतील असा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबून लहान केला जातो आणि अंगावरचे केस सगळे पुसट होतात.