तुम्ही विचारलंत म्हणून: दुकानात एवढं बोलता, मग क्लब कशाला?

"दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून पोट भरत नाही का, की रविवारी परत बोलायला शिकायला जाता?" नवी पेठेतल्या माझ्या दुकानात चहाला टेकणारा जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो.

गल्ल्यामागचं बोलणं वेगळं हो. हातात चादर असते, समोरचा "कितीला?" म्हणतो आणि गाडी सुरू होते. मराठीत अडलो तर कन्नड, नाहीतर तेलुगू. सोलापुरात त्याची वाण नाही. पण तीन वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांच्या बैठकीत माझ्या हातात माइक आला. मी अध्यक्षांचे आभार मानले, मग परत त्यांचेच मानले आणि खाली बसलो. ज्या पार्किंगसाठी उठलो होतो, ते खिशातल्या चिठ्ठीतच राहिलं.

म्हणून टोस्टमास्टर्सच्या, म्हणजे चारचौघांत भाषण करायचा सराव करणाऱ्यांच्या क्लबात गेलो. राल्फ स्मेडली यांनी १९२४ साली कॅलिफोर्नियातल्या सांता आनात हे सुरू केलं. इथं मास्तर नसतो. एक जण बोलतो, दुसरा त्याचं मूल्यमापन करतो, तिसरा घड्याळ धरतो. पहिलं भाषण ४ ते ६ मिनिटांचं: चौथ्या मिनिटाला हिरवं कार्ड, पाचव्याला पिवळं, सहाव्याला लाल. टाळ्या मात्र उठता-बसता. त्या मला अजूनही जास्तच वाटतात. मूल्यमापनही आधी गोड, मग तिखट, मग परत गोड. माझ्यासारख्याला शेंगाचटणी आधी वाढली तरी चालते.

आणखी एक जण असतो, तो फक्त तुमचे 'अं' आणि 'म्हणजे' मोजतो. त्याला आह-काउंटर म्हणतात. माझ्या पहिल्या भाषणाला हे काम कॉलेजातल्या एका मुलीकडे होतं. "काका, तुमचं 'काय आहे की' सतरा वेळा झालं," म्हणत तिनं चिठ्ठी दाखवली. चार उभ्या रेघा, त्यांवर एक आडवी. असे तीन जुडगे आणि वर दोन सुट्या. चादरींचे गठ्ठे मोजताना आम्ही मारतो, अगदी तशाच.

आधी हसलो. सोलापूरकराचं 'काय आहे की' काढून घेतलं तर उरणार काय? पण दुसऱ्या दिवशी दुकानात स्वतःकडेच बघत बसलो. पुढचं वाक्य सुचलं नाही की मी आणखी एक चादर उलगडून टाकतो. गिऱ्हाईक नक्षी बघतं, तेवढ्यात मला शब्द सापडतो. भाषणात उलगडायला काही नसतं, तिथं मी 'काय आहे की' पसरत होतो.

मग गप्प राहण्याचा सराव सुरू केला. आयत्या वेळी दिलेल्या विषयावर एक-दोन मिनिटं बोलायचं असतं. एकदा मला 'गड्ड्याच्या जत्रेतला पाळणा' आला. पहिल्या वाक्यानंतर काहीच सुचेना. तोंड मिटून उभा राहिलो. तीन-चार सेकंद असतील, मला मात्र पाळणा वर जाऊन थांबल्यासारखं झालं. कुणी हसलं नाही.

यंदाच्या बैठकीत पार्किंगचं म्हणणं दोन मिनिटांत मांडलं, चिठ्ठी न काढता. गाड्या दुकानासमोर अजून तशाच लागतात. आणि चहाला येणारे आता माझे 'काय आहे की' मोजतात. काल नऊ झाले म्हणे.