जुना सातारा रस्ता, सासवड-लोणंदमार्गे: दिवे घाट टाळा, सालपे घाट सोडू नका

"दिवे घाट एकदा चढलास की साताऱ्यापर्यंत सपाट आहे." हे वाक्य मला हडपसरला राहणाऱ्या, बरीच वर्षं सायकल चालवणाऱ्या माणसाने सांगितलं. त्याने तो रस्ता गाडीतून पाहिला असणार, तोही झोपेत. सायकलने या रस्त्याने जाणाऱ्यांनी हे वाक्य आधी डोक्यातून काढून टाकावं.

पुण्याहून साताऱ्याला जायचं म्हणजे कात्रज, शिरवळ, खंबाटकी, एवढंच आता लोकांना माहीत असतं. त्याआधीची वाट पूर्वेकडून होती: दिवे किंवा बापदेव घाटाने सासवड, मग जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद, सालपे घाट, वाठार आणि सातारा. अंतर सुमारे 125 किलोमीटर भरतं. महामार्गाने 110 च्या आसपास. पंधराएक किलोमीटर जास्त पडतात म्हणून कोणी जात नाही, आणि म्हणूनच जायचं.

या रस्त्याचं महत्त्व कळायला सासवड बघावं. 1708 मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्याला झाला आणि राजधानी तिथेच राहिली. भट घराण्यातला पहिला पेशवा बाळाजी विश्वनाथ 1720 मध्ये वारला तो सासवडला. शनिवारवाड्याचं काम सुरू झालं 1730 मध्ये. म्हणजे पुण्याचा तोरा वाढण्याआधी कारभाराची माणसं सासवडला बसत होती. पुढे पेशवे पुण्यात राहिले तरी पेशवाईची वस्त्रं साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच यायची.

आता दिवे घाट. इथे जरा सविस्तर सांगतो, कारण माझी चिडचिड अजून गेलेली नाही.

रुंदीकरण चालू आहे हे मला माहीत होतं. पण 'चालू आहे' म्हणजे काय, हे कोणी सांगितलं नव्हतं. वडकी सुटल्यापासून घाटमाथ्यापर्यंत एका बाजूला कापलेला डोंगर, दुसऱ्या बाजूला खडीचे ढीग, आणि मधल्या पट्टीत डंपर, एसटी, सासवडकडून येणारे भाजीचे टेम्पो आणि मी. धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी मारतात, त्याचा होतो चिखल. चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरतं. चिखल वाळला की पुन्हा धूळ. मागून डंपर आला की कडेला उतरावं म्हटलं तर कडाच नाही, मोकळी खडी आहे. एका वळणावर उतरून सायकल ढकलत नेली, त्यावर एका टेम्पोवाल्याने "काका, रिक्षा करा" असा सल्ला दिला. मी काका नाही. खाली मस्तानी तलाव फार छान दिसतो म्हणतात. मला दिसला तो धुळीच्या पडद्यामागे तपकिरी डबक्यासारखा.

तेव्हा काम संपेपर्यंत सायकलवाल्यांनी दिवे घाटाने जाऊ नये. पहाटे निघा वगैरे सल्ले देणाऱ्यांचं ऐकू नका, डंपर पहाटेही असतात. कोंढवा, येवलेवाडीवरून बापदेव घाट घ्या. चढ जास्त तीव्र आहे, मांड्या बोलतील, पण रस्ता धड आहे आणि वर गेलं की भिवरी, चांबळीवरून थेट सासवड. फक्त उजाडल्याशिवाय बापदेवात शिरू नका, एकट्याने तर नाहीच.

रुंदीकरण का चाललंय, याची गोष्ट मात्र रंजक आहे. हा राज्यमार्ग होता. आता तो राष्ट्रीय महामार्ग 965 झाला, आणि त्याचं कारण सातारा नाही, पंढरपूर आहे. ज्ञानोबा माऊलींची पालखी आळंदीहून निघून पुण्यातून दिवे घाट चढते, सासवड, जेजुरी, वाल्हे करत नीरा ओलांडते आणि लोणंदला जाते. पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी 8 नोव्हेंबर 2021 रोजी झाली. (तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवतकडून जाते. दरवर्षी कोणीतरी दोन्ही मार्गांचा गोंधळ घालतं.) हा सोहळा आज ज्या रूपात आहे ते देणारे हैबतबाबा आरफळचे, म्हणजे सातारा जिल्ह्यातलेच. पण लोणंदनंतर पालखी फलटणकडे वळते, सातारा उजवीकडे राहतो. त्यामुळे जुन्या सातारा रस्त्याचे सरळ दोन तुकडे झाले: पालखीचा तुकडा महामार्ग झाला, उरलेला लोणंद-सातारा तुकडा होता तिथेच राहिला. सायकलवाल्याच्या दृष्टीने हे उत्तम झालं.

सासवड ते जेजुरी काही सांगण्यासारखं नाही. चढ-उतार आहेत, सपाट नाही, पण त्रासही नाही. सकाळची हवा छान होती, मी मजेत होतो.

जेजुरीत मजा संपली. मला गड चढायचा नव्हता, फक्त चहा घ्यायचा होता. वाहनतळाशी उभ्या असलेल्या पोराने सायकलचे पन्नास रुपये मागितले. दुचाकीचा दर तेवढाच का, असं विचारलं तर म्हणाला, "हीपण दोनच चाकांची आहे." या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण पन्नास रुपयेही मी दिले नाहीत, वीसवर मिटवलं. चहाच्या टपरीवाल्याने न विचारता भंडाऱ्याची पुडी पुढ्यात ठेवली आणि बिलात लावली. देवदर्शनाला जाणाऱ्यांनी खुशाल जावं, येळकोट येळकोट म्हणावं. नुसता रस्ता कापणाऱ्यांनी गावात न शिरता बाहेरूनच पुढे जावं आणि चहा वाल्ह्यात घ्यावा. तिथे कोणी काही गळ्यात मारत नाही. वाल्मिकींचं गाव म्हणून ते स्वतःला सांगतं, आणि वागायला भलं आहे.

नीरेला नदी ओलांडली की पुणे जिल्हा संपतो. वारीत माऊलींच्या पादुकांना नीरास्नान इथेच होतं. दिवाळीनंतर जात असाल तर नीरा ते लोणंद या पट्ट्यात जपून. उसाचा हंगाम सुरू झालेला असतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दोन्ही कमरेपेक्षा जास्त बाहेर झुकलेल्या, आणि ड्रायव्हरच्या कानाशी एवढ्या मोठ्याने गाणी की तुमची घंटी ऐकू येणं शक्यच नाही. ट्रॉलीच्या मागे चिकटून जाऊ नका. ऊस पडतो, आणि ट्रॉलीला मागचा दिवा नसतोच.

लोणंदला जेवून घ्या आणि दोन बाटल्या पाणी भरा. कांद्याच्या मोठ्या बाजाराचं गाव, बाजाराच्या दिवशी मुख्य रस्ता अडलेला असतो. पुढे सालपे घाट लागतो, त्या 'सपाट' रस्त्यावरचा. दुपारच्या उन्हात मी त्या हडपसरवाल्याला प्रत्येक वळणावर फोन करायचं ठरवलं होतं, रेंज नव्हती म्हणून तो वाचला. पण खरं सांगतो, अख्ख्या रस्त्यातला सर्वांत चांगला भाग हाच. गाड्या तुरळक, उघडे बोडके डोंगर, चढ एकसारखा. गिअर एकदा लावला की बदलायला नको. वर आल्यावर मी इतका खूश होतो की हा घाट सर्वांना सोपा वाटेल असं तेव्हा म्हणालो असतो. तो सोपा नाही. ऐंशी-नव्वद किलोमीटर पायात असताना तो येतो, एवढं लक्षात ठेवा.

पुणे-मिरज रेल्वेही याच बाजूने गेली. शिरवळच्या नशिबी स्टेशन आलं नाही. जेजुरी, नीरा, लोणंद, वाठारच्या आलं. एके काळी महाबळेश्वरला हवा खायला जाणारी मंडळी वाठार स्टेशनवर उतरून पुढे वाईमार्गे घाट चढत. मोटारी वाढल्या तशी वर्दळ कात्रज-खंबाटकीकडे सरकली आणि वाठारची ती शान गेली. आज स्टेशनाबाहेर वडापाव चांगला मिळतो. वाठारपासून देऊर, वडूथ, वाढे फाटा आणि सातारा, हा भाग पटकन होतो.

परत येताना सायकल चालवत महामार्गाने येऊ नका. साताऱ्याहून पुण्याकडे येणारी वाहतूक खंबाटकीच्या बोगद्यातून जाते, सायकलवर तिथे शिरणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. रेल्वेने यायचं तर सायकल लगेजमध्ये आधी नोंदवावी लागते, आणि सातारा स्टेशन शहरात नाही, माहुलीजवळ आहे, तेवढा वेळ हाताशी ठेवा. पुण्याच्या बाजूला 'सासवड रोड' नावाचं स्टेशन दिसलं म्हणून सासवडला जायला तिथे उतरू नका. ते हडपसरजवळ आहे, आणि तिथून सासवडला जायचं तर पुढे दिवे घाटच आहे.