आज देवमासा दिसला नाही

शनिवार, रात्र

अमेरिकेतल्या कनेटिकटमधल्या मिस्टिकहून परत येऊन तीन तास झाले. जेवणं उरकली, ओटा आवरला, लेक झोपला. माझ्या नाकातून मात्र डांबराचा वास जात नाहीये.

घरापासून गाडीनं तासाभरावर 'चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन' उभं आहे आणि मी आज पहिल्यांदा त्यावर चढले. देवमाशांच्या शिकारीचं हे जहाज 1841 साली मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्ड बंदरात पाण्यात उतरलं. 1921 पर्यंत त्याच्या 37 सफरी झाल्या. अशी शेकडो लाकडी जहाजं एकेकाळी समुद्रावर होती, त्यातलं हे एकच उरलंय.

खलाशी राहायचे ती खोली अगदी पुढे, नाळेकडे. शिडी इतकी उभी की पाठमोरं उतरावं लागतं. खाली गेल्यावर आधी काही दिसेचना. मग हळूहळू झोपायच्या फळ्या दिसायला लागल्या. जहाजाची कूस जशी वळते तशा वळलेल्या, एकीवर एक. वीसेक माणसं इथे राहायची, तीन तीन वर्षं, कधी चार. प्रत्येकाची एक लाकडी पेटी. तीच बसायला, तीच जेवायला, तिच्यातच सगळा संसार. लेक एका फळीवर आडवा झाला आणि कूस बदलायला गेला तर खांदा वर टेकला. अकरा वर्षांचा आहे तो.

मागच्या बाजूला कप्तानाची खोली आहे. तिथे टांगता पलंग आहे, जहाज कलंडलं तरी सपाट राहणारा. एका कप्तानाची बायको सोबत आली होती, तिच्यासाठी तो बसवून घेतला होता. पुढच्या फळ्या आणि हा पलंग, दोन्हींत शंभर फुटांचंही अंतर नाही.

लेकानं विचारलं, "आई, एवढे दिवस ते लोक करायचे काय?" मी म्हटलं, देवमासे मारायचे. गाडीत बसल्यावर लक्षात आलं, उत्तर चुकलं. लिहून ठेवते, उद्या त्याला नीट सांगायचं.

रविवार, दुपार

गेल्या हिवाळ्यापासून मी या जहाजांच्या नोंदवह्या वाचतेय. त्यांची पानं आता घरबसल्या पाहता येतात. हवामानाचा अभ्यास करणारे त्यातून दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे वारे उतरवून घेतात. मी नुसती वाचते. रात्री भांडी झाली की दोन पानं, फार तर तीन.

वही बहुतेक वेळा पहिला मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी लिहायचा. तारीख, वारा कुठला, शिडं किती, जहाज कुठे आहे, काही दिसलं का. शेवटी ठरलेले शब्द : असा हा दिवस संपला. पान उलटलं की पुन्हा वारा, पुन्हा शिडं, देवमासा दिसला नाही, असा हा दिवस संपला. असे आठवडे जातात. महिनेसुद्धा.

म्हणून लेकाला आज सांगितलं की ते लोक मुख्यतः वाट बघायचे. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत डोलकाठीवर माणसं चढलेली असायची, डेकपासून शंभरेक फूट उंच. कमरेशी लोखंडी कडं, पायाखाली अरुंद आडवी पट्टी. दोन तास झाले की दुसरा वर येणार. खाली जहाज जरासं हललं तरी वर केवढा झोका बसत असेल. आणि नजर सतत पाण्यावर, कुठे फवारा उडतोय का.

खाली बाकीच्यांचं काम संपतच नसे. डेक घासा, शिडं शिवा, दोर वळा, भाल्यांना धार लावा. खायला खारवलेलं गोमांस नाहीतर डुकराचं मांस, आणि दगडासारखी कडक बिस्किटं. ती कॉफीत बुडवली की आतले किडे वर तरंगायचे. ते काढून टाकायचे आणि प्यायचं. साखर नाही, काकवी. रविवारी पिठाचा उकडलेला गोळा, त्यावरही काकवीच. माणसं कुठकुठली होती! अझोरेस आणि केप व्हर्दे बेटांवरचे पोर्तुगीज बोलणारे, पॅसिफिकमधल्या बेटांवरचे, न्यू इंग्लंडचे, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातले, मूळनिवासी, गुलामीतून निसटलेले काळे लोक आणि समुद्र कधीच न पाहिलेली शेतकऱ्यांची पोरं, सगळी एका फळीवर.

आणि मग एखाद्या दिवशी पानाच्या कडेला शिक्का. लाकडात कोरलेला छोटासा देवमासा, काळ्या शाईत उठवलेला. पोटात पांढरी जागा सोडलेली असते, तिथे किती पिंपं तेल निघालं तो आकडा. हातून निसटला असेल तर नुसतं शेपूट. पहिल्यांदा ते शेपूट पाहिलं तेव्हा मला इतका आनंद झाला की उठून पाणी प्यायले. आजही शेपूट दिसलं की बरं वाटतं. त्या माणसांचं नुकसान होत होतं हे कळतं, तरी वाटतं.

मारणं कसं असायचं ते लेकाला पुरतं सांगितलं नाही. इथे लिहिते. तीसेक फुटांच्या होडीत सहा माणसं. पुढचा माणूस हार्पून, म्हणजे दोर बांधलेला भाला, फेकतो. तो मारायला नसतो, नुसता अडकवायला. मग मासा पळतो आणि होडीला ओढत नेतो. दोर होडीतल्या खुंटाला वेढा घालून इतक्या वेगानं सुटतो की लाकडातून धूर निघतो आणि त्यावर पाणी ओतत राहावं लागतं. पाय त्या दोरात सापडला तर माणूस गेला. मासा थकला की होडी त्याला भिडवायची आणि लांब भाला फुफ्फुसात खुपसायचा, पुन्हा पुन्हा. फवारा लाल झाला की समजायचं, आता संपलं. ज्याच्या फवाऱ्याची महिनोन्‌महिने वाट पाहिली, तोच फवारा.

मंगळवार

मामाला फोन केला. सत्तरी ओलांडली आहे त्यानं. त्याचं गुऱ्हाळ बंद होऊनही बरीच वर्षं झाली, पण त्याला विचारल्याशिवाय मला ही गोष्ट नीट कळली नसती.

मॉर्गनच्या डेकवर विटांचं चुलवाण आहे. लाकडी जहाजावर, डोलकाठ्या-शिडांच्या खाली! त्यात मोठाल्या लोखंडी काहिली बसवलेल्या. विटांच्या खाली पाण्याचं टाकं, डेक पेटू नये म्हणून. मासा जहाजाच्या बाजूला बांधून त्याची चरबी सोलून काढायची, घोंगडीएवढाल्या पट्ट्यांनी, खाली शार्क लचके तोडत असताना. त्या पट्ट्या खालच्या बुटक्या खोलीत टाकायच्या. मी शनिवारी तिथे कमरेत वाकून चालले. तिथे त्यांचे तुकडे करायचे, मग प्रत्येक तुकड्याला पातळ पातळ चिरा द्यायच्या, कातडीशी न तोडता, म्हणजे वहीसारखी पानं उघडतात आणि तेल लवकर सुटतं. खलाशी त्यांना 'बायबलची पानं' म्हणायचे.

पहिला जाळ लाकडाचा. नंतर तेल निघून उरलेला कुरकुरीत चोथाच चुलीत घालायचा.

मामा ऐकून घेत होता. मग म्हणाला, "म्हंजे माशाची चिपाडं माशालाच लावली म्हण की."

अगदी तेच. उसाचा रस काहिलीत आणि उसाचीच चिपाडं चुलवाणात. मामानं पुढे दोनच प्रश्न विचारले. जाळ रात्री कोण बघायचं? आणि वास? मी सांगितलं, सहा-सहा तासांच्या पाळ्या, मोठा मासा असेल तर दोन-तीन दिवस-रात्र अखंड. धूर काळा, चरबट, शिडं काळी करणारा, आणि वास कपड्यांतून जन्मभर न जाणारा. मामा म्हणाला, "गुळाच्या वासाला निदान पोरं गोळा हुयाची."

इथेही एक पोर होती. कप्तानाची सहा वर्षांची मुलगी लॉरा जर्नेगन, 1868 साली आई-वडील आणि धाकट्या भावाबरोबर 'रोमन' जहाजावर निघाली आणि तिनं रोजनिशी लिहिली. काहिलीत माणसं उतरतात, गुडघ्यापर्यंत तेलात असतात, हे तिनं आपल्या पक्ष्यांच्या बातमीइतक्याच सहज लिहून टाकलंय. आणि शेवटी आजच्यापुरता निरोप घ्यायचा. वहीतल्या मोठ्या माणसांच्या 'असा हा दिवस संपला'पेक्षा मला तो जास्त लागतो.

सगळं झाल्यावर डेक कशानं घासायचे? त्याच चोथ्याच्या राखेनं. हे वाचलं तेव्हा आजीचा हात दिसला, राखेनं काळी कढई घासणारा.

बुधवार

पगाराचं वाचलं आणि झोप लागेना.

पगार नव्हताच, तेलाच्या पैशातला वाटा होता. नवख्या पोराला साधारण एकशे पंचाहत्तरावा, दोनशेवा, त्याहूनही कमी. कप्तानाला दहावा-बारावा किंवा त्याच्या आसपास. समजा चार वर्षांत 36,000 डॉलरचं तेल निघालं आणि वाटा एकशे ऐंशीवा, तर हातात 200 डॉलर. दिवसाला चौदा सेंटसुद्धा नाहीत. त्यातून निघताना उचल म्हणून घेतलेले कपडे व्याजासकट वजा, आणि जहाजावरच्या विक्रीच्या पेटीतून चढ्या भावानं घेतलेले बूट, तंबाखू वजा. काही जण चार वर्षांनी उतरले ते कर्ज घेऊन उतरले. एकट्या मॉर्गननं आयुष्यात 50 हजारांवर पिंपं तेल आणलं. त्यावर दिवे लागले, दीपगृहं उजळली, गिरण्यांची चाकं फिरली.

माणूस वाटेत वारला तर त्याची पेटी डेकवर उघडायचे आणि आतले कपडे सोबत्यांत लिलावात काढायचे. शनिवारी पाहिलेल्या त्या पेट्या डोळ्यांसमोर आहेत.

शनिवार

आज एकटीच न्यू बेडफर्डला गेले, तिथल्या संग्रहालयात. एवढ्या मोठ्या दालनात मी एका काचेसमोर अर्धा तास उभी होते.

देवमाशाच्या दातावर नक्षी कोरायचा खलाशांना नाद होता. जहाजं, बायका, बोटाएवढी माणसं, सुईनं कोरून काजळी भरलेली. पण माझे पाय थांबले ते कातण्यांपाशी. हो, कातणं! करंजीची कड कापायचं, आपलं. तिथल्या बायका 'पाय', म्हणजे आत सारण भरून भाजतात त्या पदार्थाची कड कापायच्या, त्यासाठी. दाताचं चाक, कडेला नागमोडी दाते, मुठीला कुणी हात कोरलाय, कुणी साप. बहुतेकांवर करणाऱ्याचं नाव नाही.

आईचं पितळेचं कातणं माझ्या ओट्याच्या खणात आहे, म्हणून मला त्यातलं काम कळतं. दाते सारख्या अंतरावर हवेत, एक चुकला तर कड फाटते. चाक सैल नको, घट्ट नको. हे त्या माणसानं हलत्या जहाजावर, एका चाकूनं आणि कानशीनं केलं. वहीत 'देवमासा दिसला नाही' असं लिहिलेल्या कितीतरी दिवसांत केलं असणार. वहीत त्याचा शब्द नाही. स्वयंपाकघर हजारो मैलांवर, आणि तिथली बाई आपली वाट बघतेय की नाही तेही ठाऊक नाही.

एका कातण्याजवळ काचेला नाक लावून पाहिलं. दाते एका अंगानं झिजलेले होते. म्हणजे ते घरी पोचलं होतं.