शाळेच्या मैदानातला जाहीरनामा

आयर्लंडच्या राजधानीत, डब्लिनला आल्यावर पहिलं नवल वाटलं ते याचं, की ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या उठावाचं स्मरण इथे तारखेनं होत नाही. उठाव सुरू झाला २४ एप्रिलला, ईस्टरच्या सोमवारी. सरकारी मानवंदना मात्र ईस्टरच्या रविवारी, मग तो मार्चअखेर येवो की एप्रिल अर्धा उलटल्यावर. शिवजयंती तिथीनं की तारखेनं, हा वाद ऐकत लहानाचे मोठे झालेल्या आम्हा मंडळींना हे लगेच उमगलं. पाडव्याचा कार्यक्रमही बहुधा त्याच सुमारास, त्यामुळे मंडळातली काही कुटुंबं रविवारी बाराच्या आत जनरल पोस्ट ऑफिससमोर हजर असायची. झेंडा अर्ध्यावर उतरतो, लष्करी अधिकारी उठावकऱ्यांनी काढलेला आयरिश प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचतो, राष्ट्राध्यक्ष पुष्पचक्र वाहतात. पुढाऱ्यांची लांबलचक भाषणं नाहीत, हे मला फार आवडायचं.

पण जीव जडला तो मुलीच्या शाळेतल्या कार्यक्रमावर. शताब्दीच्या निमित्तानं जवानांनी प्रत्येक प्राथमिक शाळेत जाऊन राष्ट्रध्वज आणि जाहीरनाम्याची प्रत दिली होती, आणि १५ मार्च २०१६ ला शाळाशाळांतून तो वाचला गेला. आमच्या शाळेनं पुढेही तो पायंडा पाळला. मार्चचा बोचरा वारा, मैदानात ओळीनं उभी मुलं, हातात टिन व्हिसल, म्हणजे पत्र्याची छोटी बासरी. बोटं गारठल्यानं भोकं नीट झाकली जात नसत आणि राष्ट्रगीत मधेच किंचाळायचं. कुणी हसायचं नाही.

एका वर्षी वाचनाचा मान आमच्या लेकीला मिळाला. तिची रोजची घोकंपट्टी ऐकून पोळ्या लाटता लाटता माझाही अर्धा जाहीरनामा पाठ झाला. स्त्रियांना संसदेसाठी मत देता येत नव्हतं त्या काळात त्याची पहिलीच हाक आयरिश पुरुषांना आणि स्त्रियांना, दोघांनाही आहे. खाली सह्या करणाऱ्या सात पुढाऱ्यांची नावं. सातही जणांना त्याच मे महिन्यात किल्मेनमच्या तुरुंगात गोळ्या घातल्या. त्यांतले कॉनली इतके जखमी होते की त्यांना खुर्चीला बांधावं लागलं. पोस्ट ऑफिससमोर हा मजकूर पहिल्यांदा वाचणारे, सातांतलेच पिअर्स तर स्वतः शाळा चालवणारे गुरुजी! म्हणून तो मुलांच्या तोंडून ऐकणंच मला जास्त योग्य वाटतं.

उठावाच्या त्या आठवड्यात मेलेल्यांत निम्म्याहून जास्त साधे नागरिक होते, त्यांत लहान मुलंही. ग्लासनेव्हिनच्या दफनभूमीतल्या भिंतीवर बंडखोर, नागरिक आणि ब्रिटिश सैनिक अशी सगळ्यांची नावं एकत्र कोरली, तेव्हा बरेच लोक संतापले. आमच्या मुख्याध्यापिका बाई मात्र दरवर्षी त्या मुलांसाठीही सगळ्यांना मिनिटभर उभं करायच्या, आणि ते बरोबरच होतं.

नंतर मुलं आपापला जाहीरनामा लिहून आणायची. गृहपाठ बंद, कुत्र्यांना शाळेत प्रवेश, असं बरंच काही. एका मुलानं लिहिलं होतं, ‘कुठल्याही घरच्यांना हॉटेलच्या एका खोलीत राहावं लागू नये.’ बेघर कुटुंबांना तेव्हा हॉटेलांत ठेवत असत, आणि आमच्या शाळेतही अशी मुलं होती. पुढच्या पालकसभेत ठरलेले विषय बाजूला राहिले आणि बोलणं त्याच कागदावर झालं.